दरभ्याची कॉफी आणि तिच्या वाटेतील कीटक

कॉफीची प्रत ठरविताना ३५० ग्रॅम हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बिया टेबलावर पसरतात आणि एकेक बी तपासून बाजूला सारतात. काळी पडलेली, आंबलेली, बुरशी लागलेली, फुटलेली आणि किडीने छिद्र पाडलेली बी वेगळी काढली जाते. स्पेशालिटी कॉफीच्या व्यापारात दीर्घकाळ रूढ असलेल्या संकेतानुसार तीन किंवा अधिक छिद्रे असलेल्या पाच बिया निघाल्या, तर तो पहिल्या श्रेणीचा एक पूर्ण दोष धरला जातो. आणि स्पेशालिटी म्हणविणाऱ्या नमुन्यात पहिल्या श्रेणीचा एकही दोष चालत नाही. साधारण दोन-अडीच हजार बियांत पाच बिया! चव घेण्याची आणि शंभरपैकी ऐंशी गुणांची पायरी ओलांडण्याची पाळी त्यानंतर येते.

बस्तरच्या कॉफीविषयी एका कीटकशास्त्रज्ञाने का लिहावे, असे कुणी विचारले तर त्या पाच बियांकडे बोट दाखवावे लागेल. रायपुरात राहून आम्ही बहुतेक जण धानाच्या किडींवर काम करतो. गादमाशी, खोडकिडा, तपकिरी तुडतुडे हेच आमचे नेहमीचे सोबती. धानात काही टक्के नुकसान झाले, तर उरलेले धान त्याच भावाने विकले जाते. कॉफीत तसे होत नाही. तेथे थोडी कीड साऱ्या मालाचा दर्जा खाली ओढते. आणि तो माल एका लहानशा शेतातून, एकाच कुटुंबाच्या हातून आलेला असेल, तर ती कीड लपविण्यास जागाच उरत नाही.

इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या जगदलपूर येथील उद्यानविद्या महाविद्यालयाने २०१७ मध्ये बस्तर जिल्ह्यातील दरभा येथे सुमारे २० एकरांवर कॉफीची प्रायोगिक लागवड केली. सॅन रॅमॉन आणि चंद्रगिरी हे अरेबिकाचे बुटके वाण तेथे लावले गेले. रोबस्टाचीही लागवड झाली. दरभ्यानंतर दिलमिली, मुंडागढ अशा गावांकडे ही लागवड सरकली आणि आदिवासी कुटुंबांच्या जमिनीत पोहोचली. ‘बस्तर कॉफी’ या नावाने ती भाजून, दळून विकली जाऊ लागली. रायपूरच्या ज्या बाजारात कॉफी म्हणजे डबाबंद भुकटी एवढीच ओळख होती, तेथे आता आपल्याच राज्यातील एका डोंगरउताराचे नाव पाकिटावर दिसते, ही लहान गोष्ट नव्हे.

मराठी वाचकाला हा प्रदेश वाटतो तितका परका नाही. बस्तरच्या पश्चिमेला आपला गडचिरोली जिल्हा आहे आणि बस्तरच्या हाटात ऐकू येणाऱ्या हलबी बोलीतील कितीतरी शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात. कॉफीच्या बाबतीतही आपला एक दूरचा संबंध आहे. महाराष्ट्रात कॉफी म्हटले की मेळघाटातील चिखलदऱ्याचेच नाव येते. तेथील कॉफी इंग्रजी अमदानीपासूनची. ती टिकली, पण वाढली नाही. पर्यटकाने दाखवून घ्यावी अशी एक नवलाई होऊन राहिली. दरभ्याची कॉफी तशी होऊ नये, अशी इच्छा बाळगणाऱ्यांपैकी मीही आहे, आणि म्हणूनच पुढील मजकुरात कौतुकापेक्षा काळजीचा भाग अधिक आहे.

जमीन, उंची आणि सावली

बस्तरचा शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतो : मरहान, टिकरा, माल आणि गभार. गभार म्हणजे पाणी धरून ठेवणारी सखल जमीन, धानाची. मरहान म्हणजे सर्वांत वरची, हलकी, मुरमाड, बांध नसलेली जमीन. तिच्यावर कोदो, कुटकी, कारळे अशी पिके घेतली जातात आणि पुष्कळदा ती पडीकही राहते. कॉफीला साचलेले पाणी सोसत नाही आणि उताराची, निचऱ्याची जमीन तिला मानवते. त्यामुळे धानाला हात न लावता मरहानावर कॉफी घेता येते, हा या प्रयोगाचा पाया मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. भारतात कॉफीच्या ९८ टक्क्यांहून अधिक जमीनधारणा दहा हेक्टरांपेक्षा लहान आहेत. एक-दोन एकरांची कौटुंबिक बाग ही या पिकातील अपवादात्मक गोष्ट मुळीच नाही.

अडचण उंचीची आहे. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे. धमतरी, कांकेर मागे टाकून केशकालचा घाट चढल्यावर आपण बस्तरच्या पठारावर येतो. जगदलपूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि दरभ्याचे डोंगर त्याहून थोडे वर. भारतात अरेबिकासाठी १००० ते १५०० मीटर आणि रोबस्टासाठी ५०० ते १००० मीटर उंची योग्य मानली जाते. पाऊस बस्तरला पुरेसा पडतो, पण उंचीची भरपाई पाऊस करीत नाही. कमी उंचीवर फळ लवकर पिकते, बी तितकी घट्ट भरत नाही, आणि ऊब अधिक असल्याने किडींची वाढही वेगाने होते. ही शेवटची बाब कॉफीवरील चर्चेत सहसा कुणी बोलून दाखवीत नाही.

म्हणून दरभ्याच्या खालच्या उतारांवर रोबस्टाला अधिक जागा मिळावी, असे माझे मत आहे. अरेबिकाचे नाव मोठे आहे हे खरे. तथापि नीट धुतलेली, निवडलेली रोबस्टाही स्पेशालिटीच्या दारात उभी राहू शकते. कॉफी मंडळाने ‘रोबस्टा कापी रोयाल’ या नावाने ते पूर्वीच दाखवून दिले आहे. शिवाय पुढे ज्या खोडकिडीविषयी लिहिणार आहे, ती रोबस्टाच्या वाटेला सहसा जात नाही.

खोडातला शत्रू

अरेबिकाचा भारतातील सर्वांत जुना शत्रू म्हणजे पांढरी खोडकीड, शास्त्रीय नाव झायलोट्रेकस क्वाड्रिपेस. नाव पांढरी असले तरी प्रौढ भुंगेरा काळा असतो आणि त्याच्या पंखांवर पांढरे पट्टे असतात. मादी मुख्य खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी सालीखाली आणि मग लाकडात शिरते आणि खोडाच्या आतच सात-आठ महिने किंवा त्याहून अधिक काळ राहते. बाहेरून दिसतात त्या खोडावरच्या उंचवट्याच्या रेषा आणि पिवळी पडत जाणारी पाने. साधारण सात-आठ वर्षांचे झाड किडीने वर्षभरात मरू शकते. मोठी झाडे काही हंगाम तग धरतात, पण त्यांचे फळ हलके राहते. दरभ्याची पहिली झाडे नेमक्या याच वयात आलेली आहेत.

या किडीची एक सवय आपल्या उपयोगाची आहे. मादीला ऊन आवडते. उघड्या, उन्हाने तापलेल्या खोडावर ती अंडी घालते. दाट सावलीतील खोड टाळते. एकोणिसाव्या शतकात कूर्ग आणि म्हैसूरच्या मळ्यांत या किडीने हाहाकार केला, तेव्हा मद्रास सरकारने जॉर्ज बिडी यांना चौकशीसाठी पाठविले. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात सावलीच्या झाडांचा आग्रह आहे. जंगल साफ करून उघड्यावर कॉफी लावण्याची तेव्हाची पद्धत किडीच्या पथ्यावर पडली होती. योगायोग असा की त्याच वर्षी श्रीलंकेत कॉफीवर तांबेरा रोग आढळला आणि पुढील काही दशकांत ते बेट कॉफी सोडून चहाकडे वळले. दीडशे वर्षांनंतरही सावलीइतका स्वस्त उपाय या किडीवर आमच्या हाती आलेला नाही.

बस्तरमध्ये झाडांची वाण नाही. प्रश्न आहे तो कोणती झाडे, हा. पांढऱ्या खोडकिडीचे भुंगेरे वर्षातून दोनदा बाहेर पडतात : एकदा एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. आता बस्तरच्या रानाकडे पाहा. मोह फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो. ऐन, ज्याला येथे साजा म्हणतात, उन्हाळ्यात बोडका उभा असतो. म्हणजे पावसाळ्यात गर्द दिसणारी बाग, भुंगेरा उडण्याच्या सुमारास, उघडी पडते. पावसाळी भेटीत काढलेली छायाचित्रे पाहून सावली पुरेशी आहे असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. सावली मोजायची तर एप्रिलच्या दुपारी मोजावी. मोह कुणी तोडावा असे मी कधीही म्हणणार नाही. तो त्या कुटुंबाचा आधार आहे. त्याच्या जोडीला फणस, आंबा, जांभूळ अशी सदाहरित झाडे बागेत हवीत आणि ती कॉफीच्या आधी किंवा निदान बरोबर लावलेली असावीत. त्यांच्या खोडावर काळी मिरीचा वेल चढविला, तर कॉफीचे पहिले उत्पन्न येईपर्यंतची तीन-चार वर्षे नसली, तरी पुढची वर्षे थोडी सुसह्य होतात.

उरलेले उपाय कष्टाचे आहेत, खर्चाचे नाहीत. भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये, प्रत्येक झाडाच्या खोडावर हात फिरवून उंचवटे शोधावेत. किडलेले झाड मुळासकट काढून जाळावे. मुख्य खोडावरील सुटी साल काथ्याने किंवा गोणपाटाने घासून काढली, की अंडी घालण्यास भेगा उरत नाहीत. खोडाला चुन्याचे पाणी लावण्याची शिफारसही आहे. कामगंध सापळ्यांचा उपयोग होतो. या किडीत गंध नराचा असतो आणि मादी त्याकडे येते, त्यामुळे सापळ्यात सापडलेली प्रत्येक मादी म्हणजे न घातलेली अंडी! पूर्वी खोडांना लिंडेन चोपडत असत. ते भारतात २०१३ पासून वापरण्यास बंद आहे आणि ते परत यावे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने आपली कॉफी निर्यात करण्याचा विचार सोडावा.

बीमधला शत्रू

प्रारंभी ज्या छिद्रांचा उल्लेख केला ती पाडणारा कीटक वेगळा. फळ पोखरणारा भुंगेरा, हायपोथेनिमस हॅम्पी, हा मूळचा आफ्रिकेतला. लांबी दीड ते दोन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. मादी कॉफीच्या फळाला बेंबीच्या बाजूने छिद्र पाडून आत शिरते आणि बीतच अंडी घालते. पिल्लांत सुमारे दहा माद्यांमागे एक नर असतो. नराला उडता येत नाही. तो जन्मतो त्याच बीत बहिणींशी संग करतो आणि तेथेच मरतो. परिणामी त्या फळातून बाहेर पडणारी प्रत्येक मादी फळलेली असते आणि एकटीच नव्या बागेत संसार थाटू शकते. महिनाभरात एक पिढी पुरी होते. बहुतेक कीटकांना कॅफीन विषासारखे असते, याला ते पचते; त्याच्या आतड्यातील जिवाणू कॅफीनचे विघटन करतात हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. कॉफीच्या झाडाने बीचे रक्षण करण्यासाठी योजलेले शस्त्रच येथे बोथट ठरते.

भारतात हा भुंगेरा १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळला आणि तेथून दक्षिणेच्या कॉफी पट्ट्यात पसरला. पूर्व घाट त्यापासून बराच काळ दूर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात तो आढळल्याची बातमी आली. प्रशासनाने बाधित बागांतील फळे उतरवून नष्ट करण्याची मोहीम हाती घेतली आणि शेतकऱ्यांना मोबदला देऊ केला.

अराकू म्हणजे काय, हे येथे थोडे सांगावयास हवे. आदिवासी कुटुंबांच्या लहान बागांतून आलेली कॉफी जगात नाव मिळवू शकते याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण तेच. अराकू खोऱ्यातील अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०१७ मध्ये पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचे कॉफीचे दुकान उघडले होते. दरभ्याच्या प्रयोगाकडे पाहणारा प्रत्येक जण मनातल्या मनात अराकूकडेच पाहत असतो. आणि अराकू दरभ्यापासून दूर नाही. बैलाडिल्याचे लोहखनिज विशाखापट्टणमला नेण्यासाठी १९६० च्या दशकात बांधलेला किरंदुल-कोत्तवलसा लोहमार्ग जगदलपूर, कोरापुट आणि अराकू या तिन्ही ठिकाणांना एका सुतात ओवतो. मध्ये असलेल्या ओडिशाच्या कोरापुटमध्येही कॉफीच्या बागा आहेत.

हा भुंगेरा स्वतःच्या पंखांनी फार लांब जात नाही. तो पोत्यातून प्रवास करतो. किडलेली फळे, नीट न वाळलेल्या बिया, एकदा वापरलेली गोणपाटाची पोती, पेरणीसाठी आणलेले बियाणे ही त्याची वाहने. कॉफीखेरीज दुसऱ्या पिकावर तो सहसा वंश वाढवीत नाही. यात बस्तरसाठी एक मोठी सवलत आहे. येथील लागवड नवी आहे, बागा विखुरलेल्या आहेत, भोवती मैलोगणती साल आणि धान आहे. कीड येथे आपोआप उगवणार नाही, तिला कुणीतरी आणावे लागेल. जुन्या बागायती प्रदेशांना ही संधी आता नाही. आपल्याला आहे, पण ती फार काळ राहील असे समजू नये.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. बियाणे कॉफी मंडळाच्या संशोधन केंद्रांकडूनच आणि प्रक्रिया केलेलेच घ्यावे. दुसऱ्या प्रदेशातून वापरलेली पोती आणू नयेत. पोत्याचे वीस-तीस रुपये वाचविण्याच्या नादात बाग गमावण्याची वेळ येऊ शकते. ताजी फळे या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात नेऊन एकत्र प्रक्रिया करण्याऐवजी गावातच गर काढून बी वाळवावी. लहान, हाताने फिरविण्याची गर काढणी यंत्रे मिळतात आणि बचत गटाला ती झेपतात. किडकी फळे सापडलीच, तर ती झाडाखाली टाकून न देता उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवावीत.

मित्रबुरशी बिव्हेरिया बॅसियाना या भुंगेऱ्यावर चालते, पण हवेत ओलावा हवा आणि भुंगेरा फळात पूर्ण शिरण्यापूर्वी ती त्याच्या अंगावर पोहोचायला हवी. एकदा तो बीत गेला की कोणतीही फवारणी, जैविक असो वा रासायनिक, त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

धानाच्या दिवसांतली तोडणी

या किडीचा खरा बंदोबस्त तोडणीत आहे आणि तेथेच बस्तरच्या कुटुंबाची कसोटी आहे. चांगल्या कॉफीसाठी फक्त पिकलेली लाल फळे वेचावी लागतात. एकाच झाडावरून तीन-चार वेळा. शेवटच्या फेरीत हिरवी, वाळकी सगळी फळे उतरवावी लागतात आणि जमिनीवर पडलेलीही गोळा करावी लागतात. पुढचा बहार येईपर्यंत भुंगेऱ्याला जगायला मागे राहिलेली फळेच लागतात. तोडणीच्या वेळी झाडाखाली ताडपत्री अंथरली तर फळे मातीत जात नाहीत. हे सगळे काम नोव्हेंबर ते जानेवारीत येते.

आणि त्याच दिवसांत छत्तीसगडात धान खरेदी चालते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत खरेदी केंद्रांवर टोकन घेऊन रांगा लागलेल्या असतात. गेली काही वर्षे राज्यात एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये क्विंटलने घेतले जाते. घरातील चार माणसांनी कापणी, मळणी, भरणी आणि केंद्रावरची पाळी सांभाळायची, की डोंगरावर जाऊन लाल फळे निवडायची? धानाचे पैसे निश्चित आहेत. कॉफीच्या शेवटच्या फेरीतील मूठभर फळांची किंमत तर त्या दिवशी मजुरीइतकीही होत नाही. मी त्या कुटुंबाच्या जागी असतो तर मीही धानाकडेच गेलो असतो. म्हणून शेवटच्या, साफसफाईच्या फेरीचा मोबदला फळाच्या वजनावर न देता झाडांच्या संख्येवर किंवा दिवसावर द्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. ही फेरी म्हणजे पीक संरक्षणाचे काम आहे आणि पीक संरक्षणासाठी आपण औषधांवर खर्च करतोच की!

फुले, मध आणि लाल मुंग्या

कीटक म्हणजे कीडच, हा समज कॉफीच्या बागेत टिकत नाही. उन्हाळ्यातील पहिल्या सरींनंतर किंवा पाणी दिल्यानंतर आठ-दहा दिवसांत सारी बाग एकदम पांढरी होते आणि दोन-तीन दिवसांत फुले कोमेजतात. अरेबिकात स्वपरागण होते. रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. पण अरेबिकालाही मधमाशांचा फायदा होतो. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील बागांच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधमाशांच्या जाती जसजशा वाढल्या तसतसे अरेबिकाचे फळधारणेचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. रानाला लागून असलेल्या बागांत जाती अधिक होत्या. दरभ्याला कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान लागून आहे. आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेल्या लहान माशा या साऱ्यांना तेथे आसरा आहे. कॉफीच्या बागेला रानाचे सान्निध्य लाभावे म्हणून जगात लोक झाडे लावतात, येथे ते आयते मिळाले आहे. फुलोऱ्याच्या त्या तीन दिवसांत बागेत कोणतेही कीटकनाशक नको, आणि मध काढताना पोळे जाळण्याऐवजी धूर देऊन मधाचाच भाग कापण्याची पद्धत शिकविली, तर तीही कॉफीची सेवाच ठरेल.

लाल मुंग्यांविषयी माझे मन मात्र दुभंगलेले आहे. पाने शिवून घरटी करणाऱ्या या मुंग्यांची आणि त्यांच्या अंड्यांची चटणी, चापडा, बस्तरच्या हाटात पानाच्या द्रोणात मिळते. ओडिशातील सिमिलीपालच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या बस्तरच्या मित्रांचा थोडा हिरमोड झाला होता. या मुंग्या शिकारी आहेत. अनेक अळ्या आणि ढेकूण त्या फस्त करतात. पण त्याच मुंग्या गोड स्रावासाठी हिरवी खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पाळतात, त्यांचे शत्रूंपासून रक्षण करतात, आणि तोडणी करणाऱ्या बायकांना कडकडून चावतात. दक्षिणेतील मळेवाले त्यांना उपद्रवच मानतात. बस्तरमध्ये निसर्गतःच एक तडजोड आहे. कॉफीच्या झाडावरची घरटी खाण्यासाठी काढून न्यावीत, उंच सावलीच्या झाडांवरची राहू द्यावीत. मुंग्यांसाठी विष वापरण्याची गरज ज्या प्रदेशात पडू नये असा एखादा प्रदेश असेल, तर तो हाच.

वाळवण आणि कोठी

तोडणी उत्तम झाली तरी माल घरात बिघडू शकतो. अरेबिकाची पापुद्र्यासहित बी १० टक्के ओलाव्यापर्यंत आणि सालीसहित वाळविलेले फळ ११ टक्क्यांपर्यंत वाळले पाहिजे. त्याहून ओल राहिली तर बुरशी येते आणि साठवणीतला आणखी एक भुंगेरा, अरेसेरस फॅसिक्युलॅटस, बीत शिरतो. तो कॉफीपुरता मर्यादित नाही. साठविलेला मका, मसाले, सुकी फळे यांवरही जगतो. बस्तरच्या घरात एकाच कोठीत मोहाची वाळलेली फुले, चिंच, मका आणि आता कॉफी अशी शेजारशेजारी राहते. कीड एकमेकांकडे जाते हा एक धोका. दुसरा असा की कॉफीची बी भोवतालचा वास शोषून घेते. मोहाच्या पोत्याला टेकून दोन महिने राहिलेल्या कॉफीला मोहाचा वास येईल आणि चव घेणारा परीक्षक त्याला या मातीचा गुण न म्हणता दोषच म्हणेल. गावासाठी एक वेगळी, जमिनीपासून उंच, हवेशीर खोली आणि ओलावा मोजण्याचे एक यंत्र एवढी सोय झाली, तरी बरेच काही साधेल.

सिंगल ओरिजिन या शब्दाचा अर्थ येथे लक्षात यावा. निरनिराळ्या बागांचा माल एकत्र करून केलेल्या मिश्रणात एका बागेची चूक दुसऱ्या बागेच्या चांगुलपणात विरून जाते. पाकिटावर एकाच ठिकाणाचे, एकाच शेताचे नाव लिहिले की त्या शेतातील सावली, तोडणी, पोते आणि कोठी या सगळ्यांचा हिशेब त्याच नावावर पडतो. दर अधिक मिळतो तो याच जबाबदारीचा.

येत्या हंगामासाठी एक छोटी गोष्ट सुचवितो. फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्यासाठी अल्कोहोलच्या मिश्रणाचे आमिष असलेले सापळे मिळतात आणि तांबड्या रंगाच्या साध्या प्लास्टिक बाटलीपासून ते घरीही करता येतात. ते प्रत्येक बागेत लावण्याची आज गरज नाही. जेथे बाहेरचा माल, पोती आणि वाहने येतात तेथे, म्हणजे प्रक्रिया केंद्राच्या अंगणात, गोदामाच्या दाराशी आणि रस्त्याकडेच्या पहिल्या बागेत, फेब्रुवारीपासून ते लावावेत. तोडणी संपल्यावर झाडावर फळे उरत नाहीत आणि माद्या आसरा शोधत हिंडतात, तेव्हा त्या आमिषाकडे अधिक येतात. सापळा दर आठवड्याला कुणी पाहायचा हे आधी ठरवावे. गावातील शाळकरी मुलेमुली हे काम आनंदाने आणि बहुधा आमच्यापेक्षा नेटाने करतील. वहीत तारीख, ठिकाण आणि संख्या लिहावी, संख्या शून्य असली तरी लिहावी. मोहरीएवढा काळा भुंगेरा दिसला तर तो फेकू नये. कुपीत घालून जगदलपूरच्या महाविद्यालयाकडे त्याच दिवशी द्यावा.